पीआर येईपर्यंत डॉक्टरकडे जायचंच नाही का?

*ताई, मी मूळची साताऱ्याची. गेल्या वर्षी लग्न झालं. नवरा सात वर्षांपासून मेलबर्नला आहे, त्याला पीआर, म्हणजे कायम राहण्याचा व्हिसा आहे. मी व्हिजिटर व्हिसावर आले आणि पाच आठवड्यांपूर्वी आम्ही इथूनच पार्टनर व्हिसाचा अर्ज भरला, ८२०/८०१. अर्जाचा निकाल लागेपर्यंत इथे राहता यावं म्हणून देतात त्या ब्रिजिंग व्हिसाचं पत्रही आलं. माझा व्हिजिटर व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो. मला दिवस गेलेत, दहावा आठवडा चालू आहे. थायरॉइडची गोळी लग्नाआधीपासून घेते, भारतातून आणलेल्या गोळ्या तीन आठवडे पुरतील. नवऱ्याचे मित्र म्हणतात, पीआर हातात आल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, मिळत नाही. खासगी विमा विचारला तर बाळंतपणासाठी बारा महिने थांबा म्हणाले. सासूबाई आणि आई दोघी म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरी, तिकीट काढून ये. अमेरिकेतली नणंद म्हणते, सरकारी दवाखान्याचा फायदा घेतलास तर व्हिसा अडकेल, थायरॉइडचंही कुठे बोलू नकोस. एका वेळेचे नव्वद डॉलर घेतात म्हणून अजून डॉक्टरकडे गेले नाही. नवरा चांगला आहे, पण त्यालाही काही सुचत नाहीये. काय करू?*
*– एक वाचक, टार्नीट*

अगं, आधी अभिनंदन. तुझ्या पत्रात प्रत्येकाचं मत आहे, पण तुझं अभिनंदन केल्याचं कुठे दिसलं नाही, म्हणून माझ्याकडून पहिलं.

आता या आठवड्यात करायचं काम सांगते. जवळच्या क्लिनिकला फोन कर आणि जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची वेळ घे. मेडिकेअरचं कार्ड आलेलं नसलं तरी घे, नव्वद डॉलर भरून घे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते, ते सगळं आईकडूनच घेतं. म्हणून ज्यांना आधीपासून थायरॉइड आहे त्यांचा डोस दिवस गेल्यावर लवकरच वाढवावा लागतो, आणि किती वाढवायचा ते टीएसएचच्या रक्ततपासणीवरून ठरतं. तुझी ही तपासणी अजून झालेली नाही. कार्डासाठी दोन-तीन आठवडे थांबलीस तर नेमके महत्त्वाचे आठवडे निघून जातील. भारतातली गोळीची पट्टी आणि आधीचे रिपोर्ट सोबत ने. इथल्या फार्मसीत थायरॉइडच्या गोळ्यांचा डबा बहुधा फ्रिजमधून काढून देतात, घरीही फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. आपल्याकडे ती गोळी टेबलावर पडलेली असते, त्यामुळे काहीतरी वेगळंच औषध दिलं असं वाटून घाबरू नकोस. आणि लोह किंवा कॅल्शियमची गोळी दिली तर ती थायरॉइडच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, मध्ये काही तासांचं अंतर हवं. किती, ते डॉक्टरांना विचार. पावती जपून ठेव, का ते पुढे येईलच.

आता मेडिकेअर.

नवऱ्याच्या मित्रांचं म्हणणं तुझ्या बाबतीत चूक आहे. तुला आत्ता, या घडीला मेडिकेअर मागता येतं. पीआर मिळण्याची वाट बघायची नाही, अर्ज केलेला असणं पुरेसं आहे. मेडिकेअर कोणाला मिळतं हे १९७३च्या हेल्थ इन्शुरन्स ॲक्टमध्ये ठरवलेलं आहे, आणि तिथे रहिवासी म्हणून ज्यांना धरलंय त्यांत कायमच्या व्हिसाचा अर्ज केलेली माणसंही येतात. अट अशी, की तो अर्ज मागे घेतलेला किंवा अंतिमतः निकाली निघालेला नसावा, हातात वैध व्हिसा असावा, आणि एकतर काम करण्याची परवानगी असावी किंवा नवरा, बायको, आईवडील, मूल यांपैकी कोणीतरी ऑस्ट्रेलियाचं नागरिक किंवा पीआर असावं. शेवटच्या दोनांपैकी एक असलं तरी चालतं. तुझा व्हिजिटर व्हिसा चालू आहे तोवर तुला कामाची परवानगी नाही, पण नवरा पीआर आहे, तेवढ्यावर तू बसतेस. पुढच्या महिन्यात व्हिजिटर संपला की ब्रिजिंग व्हिसा ए आपोआप लागू होईल. पार्टनर अर्जाबरोबरच्या ब्रिजिंगवर कामही करता येतं, म्हणजे तेव्हा दोन्ही बाजूंनी बसशील.

८२० आणि ८०१ हा एकच अर्ज आहे, हे लक्षात ठेव. ८२० तात्पुरता आणि ८०१ कायमचा, पण तुम्ही दोन्हींसाठी एकदमच अर्ज केलाय आणि नऊ हजार डॉलरच्या वर फी एकदमच भरलीये. त्यामुळे कोणी म्हणालं की ८२० तर टेम्पररी आहे, तर सांग की कायमच्या व्हिसाचा अर्जही त्यातच आहे.

मग मित्र असं का म्हणतात? ते खोटं बोलत नाहीत. मेलबर्नच्या आपल्या लोकांत बहुतेकांच्या बायका आल्या त्या विद्यार्थी व्हिसावरच्या नाहीतर कंपनीच्या ४८२ व्हिसावरच्या नवऱ्यांबरोबर. तेव्हा त्या घरात कोणीच पीआरचा अर्ज केलेला नव्हता, म्हणून त्यांना मेडिकेअर खरंच मिळालं नाही. यूके, न्यूझीलंड, इटली, नेदरलँड्स अशा अकरा देशांशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार आहे, त्यांच्या लोकांना आल्या आल्या काही उपचार मिळतात. भारताशी असा करार नाही. त्यामुळे "पीआर आला आणि कार्ड आलं" हाच आपल्यातल्या बहुतेकांचा अनुभव, आणि तोच नियम म्हणून सांगितला जातो. तुझी गोष्ट वेगळी आहे, कारण नवऱ्याकडे पीआर आधीपासून आहे आणि तुझा अर्ज दाखल आहे.

मेडिकेअरची नोंदणी सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी खात्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होते. तिथे काउंटरवर काय न्यायचं ते सांगते. तुझा पासपोर्ट. अर्ज मिळाल्याचं होम अफेअर्सचं (व्हिसा देणाऱ्या खात्याचं) पत्र, ज्यावर व्हिसाचा प्रकार आणि अर्जाची तारीख छापलेली असते. ब्रिजिंग व्हिसाचं पत्र. लग्नाचं प्रमाणपत्र, इंग्रजीतलं किंवा अधिकृत भाषांतर केलेलं. नवऱ्याच्या पीआरचा पुरावा आणि त्याचं मेडिकेअर कार्ड. मायगव्ह या सरकारी वेबसाइटवरून ऑनलाइनही नाव नोंदवता येतं, फॉर्म भरून पाठवताही येतो, पण तुझ्या परिस्थितीत मी सर्व्हिस सेंटरला स्वतः जा म्हणेन. समोर माणूस असला की कागदात काय कमी आहे ते तिथल्या तिथे कळतं.

आणि जाऊन काय बोलायचं हेही आधी ठरवून जा. "मी पीआर नाही, मला मेडिकेअर मिळेल का?" असं विचारू नकोस. त्या प्रश्नाला घाईत असलेल्या माणसाचं उत्तर नाही असंच येतं. सांग की मी कायमच्या पार्टनर व्हिसाचा अर्ज ऑस्ट्रेलियातूनच केला आहे, हे त्याचं पत्र, माझा नवरा पीआर आहे, हे त्याचे कागद, मला अर्जदार म्हणून नाव नोंदवायचं आहे. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाषी माग. टीआयएस या सरकारी दुभाषी सेवेचा नंबर १३१ ४५० आहे, सरकारी कामासाठी त्याचे पैसे पडत नाहीत. आधी मराठी माग, मराठी दुभाषी त्या क्षणी नसेल तर हिंदी. नवरा सोबत असला तरी माग. तब्येतीचं आणि कागदपत्रांचं बोलणं तुझ्या तोंडून व्हावं असं मला मनापासून वाटतं. तरीही नाही म्हणाले, तर कोणत्या कारणाने नाही ते लेखी माग आणि फेरविचार करायला सांग.

जे कार्ड येईल ते निळं असेल, त्यावर इंटरिम असं छापलेलं असतं. नवऱ्याचं हिरवं आहे, म्हणून तुझं कमी प्रतीचं असं मुळीच नाही. डॉक्टरकडे, रक्ततपासणीला, सरकारी रुग्णालयात, फार्मसीत दोन्ही कार्डं सारखीच चालतात. फरक एवढाच की निळ्याची मुदत थोडी असते आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत ते वाढवून घ्यावं लागतं. नोंदणी कोणत्या तारखेपासून धरली आहे ते त्याच दिवशी विचारून घे. त्या तारखेनंतर डॉक्टरला भरलेल्या पैशांतला मेडिकेअरचा वाटा परत मागता येतो, म्हणून ती नव्वद डॉलरची पावती जपायची. साध्या तपासणीचे चाळीस डॉलरच्या थोडे वर परत मिळतात. कार्ड आल्यावर मात्र फोनवरच विचार की बल्क बिल करता का. तसं असेल तर तुला काहीच द्यावं लागत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून सरकारने बल्क बिलसाठी डॉक्टरांना मिळणारा जादा मोबदला सगळ्या कार्डधारकांसाठी लागू केला आहे, त्यामुळे तसे दवाखाने शोधणं आता सोपं झालंय.

खासगी विम्याचं तुम्हाला सांगितलं ते मात्र खरं आहे. बाळंतपणासाठी बारा महिने थांबावं लागतं, म्हणजे या बाळासाठी तो विमा घेऊन काही हाती लागणार नाही. ते पैसे वाचवा. फक्त एक बघ. तुझ्या व्हिजिटर व्हिसाच्या अटींत ८५०१ असा आकडा असेल तर विमा ठेवण्याची अट तुझ्यावर आहे. व्हीईव्हीओ या व्हिसा तपासायच्या सरकारी वेबसाइटवर पासपोर्टचा आणि व्हिसाच्या पत्रावरचा नंबर टाकून अटी दोन मिनिटांत दिसतात. ती अट असेल आणि आधीच एखादी पॉलिसी घेतलेली असेल, तर कार्ड हातात येऊन व्हिजिटर व्हिसा संपेपर्यंत ती बंद करू नकोस. नंतर ब्रिजिंग व्हिसाच्या अटी पुन्हा बघायच्या.

आता नणंदेचं. ती तुझ्या काळजीपोटीच बोलतेय, पण ती अमेरिकेतलं बोलतेय. तिकडे सरकारी मदतीवर अवलंबून राहील असा माणूस ग्रीन कार्डासाठी नाकारण्याचा नियम आहे आणि लोक त्याला फार घाबरून असतात. ऑस्ट्रेलियात मेडिकेअर वापरलं म्हणून पार्टनर व्हिसा नाकारण्याचा नियमच नाही. आणि हे उपकाराचं खातंही नाही. १९८४ पासून मेडिकेअर चालू आहे आणि बहुतेक पगारदार त्यासाठी उत्पन्नाचे २ टक्के भरतात. तुझा नवरा सात वर्षं इथे कमावतोय, त्याच्या टॅक्सच्या कागदावर मेडिकेअर लेव्ही ही ओळ आहे का ते त्याला बघायला सांग.

थायरॉइड लपवण्याचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नकोस. व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी होते, तिथे खोटं सांगणं हेच अर्जाला धोक्याचं आहे. आरोग्याच्या निकषात बघतात ते हे, की तुझ्या उपचारांवर सरकारचा फार मोठा खर्च होईल का. त्याची मर्यादा ८६,००० डॉलर आहे. थायरॉइडची रोजची एक गोळी त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय पार्टनर व्हिसात त्याहून मोठा आजार असला तरी सूट देण्याची तरतूद आहे. आणि हो, त्या तपासणीत छातीचा एक्स-रे असतो. दिवस आहेत हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांग. एक्स-रे बाळंतपणानंतर करू असं म्हणता येतं, अनेक जणी तसंच करतात. त्याने व्हिसाचा निकाल थोडा पुढे जाईल, पण अर्ज प्रलंबित आहे तोवर निळं कार्ड चालूच राहतं.

आता तिकिटाचं बोलू. या भागासाठीच मी तुला एवढं मोठं उत्तर लिहायला घेतलं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, आईच्या हातचं खावं, सकाळी बाळाला तेल लावून अंघोळ घालायला कोणीतरी हक्काचं असावं, ही इच्छा मला पूर्ण कळते. टार्नीटच्या घरात दिवसभर एकटीने बसून, उलट्या होत असताना, साताऱ्याची आठवण किती येत असेल तेही कळतं. तरीही तू तिकीट काढू नयेस असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण नवरा पीआर आहे, नागरिक नाही. बाळ ऑस्ट्रेलियात जन्मलं आणि त्या वेळी आईवडिलांपैकी एक जण पीआर असला, तर बाळ जन्मतःच ऑस्ट्रेलियाचं नागरिक होतं. त्यासाठी वेगळा अर्ज नाही आणि वाट बघणं नाही. तेच बाळ साताऱ्यात जन्मलं तर वडील पीआर असल्याने त्याला ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व मिळत नाही. मग त्याचा भारतीय पासपोर्ट काढा, त्याच्यासाठी चाइल्ड व्हिसाचा वेगळा अर्ज करा, तीन हजार डॉलरच्या वर फी भरा आणि महिनोन्महिने थांबा. तोपर्यंत बाळ आणि तू तिकडे, नवरा इकडे. आणि हे सगळं तुझा स्वतःचा व्हिसा निकाली निघालेला नसताना.

दुसरं, तू स्वतः परत कशी येणार? ब्रिजिंग व्हिसा ए घेऊन देशाबाहेर गेलं की तो संपतो. परत यायचं तर जाण्याआधी इथूनच ब्रिजिंग व्हिसा बी काढावा लागतो, तोही ठरावीक मुदतीसाठी मिळतो. बाळंतपण, सव्वा महिना, बाळाचे कागद, यांत ती मुदत उलटून गेली तर तू तिकडेच अडकशील. कोणाच्या आजारपणासाठी जावंच लागलं तर बी काढून जाता येतं, तेवढं माहीत असू दे. पण बाळंतपणासाठी तो धोका घेऊ नये. भारतात होणाऱ्या खर्चाला मेडिकेअर एक पैसा देत नाही हेही आहेच, आणि अठ्ठावीस आठवड्यांनंतर विमान कंपन्या डॉक्टरचं पत्र मागायला लागतात.

सासूबाईंना हे तू सांगायचं नाही. तुझ्या नवऱ्याने आपल्या आईला फोन करून सांगायचं. "तिला यायचं नाही" असं न म्हणता, "बाळाचं नागरिकत्व जाईल" असं सांगायचं. नातवंडाच्या पासपोर्टचा प्रश्न आहे म्हटल्यावर त्या स्वतःच शेजारणीला हे समजावून सांगतील. तुझ्या आईशी मात्र तूच बोल, आणि बोलताना लगेच पुढचं सांग, की तू नाही येऊ शकत तर तिने यावं.

आईचा व्हिजिटर व्हिसा बाळंतपणाच्या तारखेच्या बराच आधी टाका. तू आणि नवरा दोघांच्या सहीचं बोलावण्याचं पत्र, तारीख लिहिलेलं डॉक्टरचं पत्र, नवऱ्याच्या पगाराच्या पावत्या, आणि आई परत जाणार याचा भरवसा देणारं जे काही असेल ते, म्हणजे बाबा तिकडे आहेत, घर आहे, पेन्शन आहे. आईला मेडिकेअर मिळणार नाही. अर्जदाराला कार्ड मिळण्याचा नियम आईवडिलांच्या पेरेंट व्हिसाच्या अर्जाला मुद्दाम लागू केलेला नाही, त्यामुळे उद्या तो अर्ज केला तरी त्यावर त्यांना कार्ड येत नाही. तिच्यासाठी इथला किंवा भारतातला प्रवासी विमा घ्या, आणि बीपी-शुगर असेल तर आधीपासूनच्या आजारांचं त्यात काय लिहिलंय ते वाचूनच घ्या. आणि तिला आत्ताच सांगून ठेव, बॅगेत जे खायचं असेल ते विमानातल्या कार्डावर जाहीर करायचं, काहीही लपवायचं नाही. दुधाचे पदार्थ आणि बिया विमानतळावर बहुतेक काढूनच घेतात, आणि न सांगता आणलं तर मोठा दंड. लाडवासाठी डिंक, खारीक, हळीव इथल्या भारतीय दुकानांत मिळतात. आई रिकाम्या हाताने आली तरी लाडू इथे वळता येतील.

कार्ड आल्यावर बाळंतपण सरकारी रुग्णालयात करा, माझी तीच शिफारस आहे. जीपीला पहिल्याच भेटीत रुग्णालयाला चिठ्ठी पाठवायला सांग, कारण नोंदणी भरत जाते. तुमच्या बाजूचे लोक बहुधा वेरीबी मर्सीला किंवा सनशाइनच्या जोन कर्नर रुग्णालयात जातात. मेडिकेअर असेल तर सरकारी रुग्णालयातल्या तपासण्या, बाळंतपण, सिझर झालं तर तेही, राहण्याचे दिवस, यांचं बिल येत नाही. नसेल तर हेच बिल हजारो डॉलरचं होतं. मराठी घरांत कितीतरी जणांनी ते हप्त्याहप्त्याने फेडलंय, आणि त्यातल्या काहींचा अर्ज तेव्हा दाखल होता, कार्ड मागायचं राहून गेलं एवढंच. याचं मला फार वाईट वाटतं.

सगळंच फुकट असतं असं मात्र नाही, ते आधी माहीत असलेलं बरं. बाहेरच्या सेंटरमध्ये सोनोग्राफी केली तर मेडिकेअर काही भाग देतं, वरचे पैसे तुम्हाला पडतात, म्हणून चिठ्ठी हातात आल्यावर फोन करून बल्क बिल कुठे होतं ते शोधा. बाळात गुणसूत्रांचा काही दोष आहे का ते बघणारी एनआयपीटी नावाची रक्ताची तपासणी सुचवतील, तिला मेडिकेअर काहीच देत नाही, ती चार-पाचशे डॉलरला पडते आणि ती करायची की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. औषधं पीबीएसच्या, म्हणजे सरकारी सवलतीच्या औषधांच्या यादीतली असतील तर १ जानेवारी २०२६ पासून एका औषधाला जास्तीत जास्त २५ डॉलर. डांग्या खोकल्याची लस, फ्लूची लस आणि २०२५ पासून आरएसव्ही या बाळांच्या श्वसनाला त्रास देणाऱ्या विषाणूवरची लस गरोदर बायकांना मोफत आहे. या लशी बाळासाठी आहेत, कोणी घेऊ नको म्हणालं तरी डॉक्टरांशी बोलून घे.

अँब्युलन्स मेडिकेअरमध्ये येत नाही. व्हिक्टोरियात एका फेरीचं बिल हजार डॉलरच्या पुढे जातं. अँब्युलन्स व्हिक्टोरियाचं कुटुंबाचं वर्षाचं सभासदत्व शंभर डॉलरच्या थोडं वर आहे. आज रात्री जेवणं झाली की नवऱ्याला ते ऑनलाइन भरायला सांग. रात्री दोन वाजता पोटात दुखायला लागलं तर ट्रिपल झिरोला (००० या तातडीच्या नंबरला) फोन करायचा की उबर बोलवायची, हा विचार तुम्हाला करावा लागू नये.

एक गोष्ट नाजूक आहे, पण बोलते. तू लिहिलेलं नाहीस, पण अर्जाचं खातं, पत्रं, ईमेल सगळं नवऱ्याकडे असेल असा माझा अंदाज आहे. तो चांगला आहे असं तू लिहिलंस आणि मी ते मानते. तरीही अर्जाच्या पत्रांची प्रत तुझ्या स्वतःच्या ईमेलवर असू दे, मायगव्हचं खातं तुझ्या नावाने, तुझ्या फोन नंबरवर काढ, आणि निळं कार्ड तुझ्या पर्समध्ये राहू दे. कळा सुरू झाल्या तेव्हा तो कामावर असू शकतो. आणि हे पत्र वाचणाऱ्या ज्या बाईच्या घरी परिस्थिती तशी नाही, तिच्यासाठीही लिहिते: घरात हिंसा होत असेल आणि म्हणून लग्न मोडलं, तरी पार्टनर व्हिसाचा अर्ज आपोआप बुडत नाही, कायद्यात त्यासाठी वेगळी सोय आहे. १८०० ७३७ ७३२ हा मदतीचा नंबर दिवसरात्र चालू असतो, तिथेही दुभाषी मिळतो.

याच प्रश्नावर आणखी कोणी वाचत असेल तर थोडक्यात. भारतात राहून ३०९चा, म्हणजे बाहेरून करायच्या पार्टनर व्हिसाचा अर्ज केला असेल तर तिकडे बसून मेडिकेअरचा काही उपयोग नाही, ३०९ मिळून इथे राहायला आलात की लगेच नाव नोंदवा. लग्न करायला म्हणून ३०० व्हिसावर आला असाल, तर तो कायमच्या व्हिसाचा अर्ज धरत नाहीत. लग्न होऊन ८२० दाखल होईपर्यंत खासगी विमा चालू ठेवा. आणि अर्ज नाकारला गेला, पण मुदतीत ट्रिब्युनलकडे दाद मागितली असेल, तर अर्ज अंतिमतः निकाली निघालेला नसतो. तेव्हा कार्ड टाकून देऊ नका, स्थलांतराच्या वकिलाला विचारा.

तर तू उद्या सकाळी क्लिनिकला फोन कर आणि परवा कागद घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. टीएसएचचा आकडा काय आला ते मला कळव. आईच्या व्हिसासाठी बोलावण्याच्या पत्राचा मसुदा हवा असेल तर तोही लिही, पाठवते.